संध्याकाळच्या राउंडचा इतिहास कसा नोंदवावा

मारुती मंदिराहून जयस्तंभ, तिथून खाली मांडवीचे बंदर आणि पुन्हा वर मारुती मंदिर, असा गाडीवरून राउंड कुठेही पोचायचे नसताना मारणारी मुले रत्नागिरीत आता फारशी दिसत नाहीत. ज्यांनी हे राउंड मारले त्यांची चाळिशी उलटली आहे. नगरपालिकेच्या दप्तरात या फेऱ्यांची नोंद असण्याचे कारण नाही, त्यामुळे त्यांचा इतिहास माणसांना विचारूनच लिहावा लागतो.

अमेरिकेत हे काम तुलनेने सोपे आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर किंवा लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज बुलेव्हार्डवर तरुण मुले मोटारी घेऊन रात्री उशिरापर्यंत फिरत, आणि पुढे अनेक शहरांनी त्यावर बंदीचे नियम केले. कॅलिफोर्नियात असे नियम करण्याचा शहरांचा अधिकार १ जानेवारी २०२४ पासून राज्यानेच काढून घेतला. बंदी आली की मागे कागद राहतो. परवान्यांची आकडेवारीही तिथे उपलब्ध आहे: सोळा वर्षांच्या मुलांपैकी १९८३ साली सुमारे ४६ टक्क्यांकडे परवाना होता, तो २०१४ साली सुमारे २५ टक्क्यांकडेच उरला. आपल्याकडे बंदीशिवायच राउंड विरत गेले, म्हणून कारणांचा शोध अधिक चिकाटीने घ्यावा लागतो.

सुरुवात नकाशापासून करावी. एकाच वेळी दोघा-तिघा जुन्या मित्रांना बसवून कोऱ्या कागदावर रस्ता काढायला सांगावा, कारण गाडी कुठे हळू होई, कुठून वळत आणि पोलीस कुठे उभा असे, यावर त्यांचा वाद होतो आणि त्या वादातूनच खरा तपशील बाहेर येतो. पेट्रोलचे पैसे कोण काढी, गाडी कोणाच्या वडिलांची आणि घरी काय सांगून निघत, हे आवर्जून विचारावे. मुलींशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे. दिवेलागणीपूर्वी घरी परतायचे बंधन असलेल्या मुलीचा रस्ता आणि वेळ दोन्ही निराळे असत, आणि मुलांसमोर ती ते मोकळेपणाने सांगत नाही.

गाडीचे नाव आणि इंजिन नोंदवायला विसरू नये, कारण कायद्याचा धागा तिथेच सापडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवण्याचे किमान वय अठरा आहे. मात्र पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी ते सोळा ठेवलेले आहे. लुना आणि बजाज सनी या त्या मर्यादेतल्या गाड्या होत्या. आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर बहुतांशी शंभर सीसीच्या पुढच्या असल्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कायद्याने दिलेली ही मुभा जवळपास नावापुरतीच उरली आहे. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली. मुलाच्या हाती किल्ली देताना वडिलांचा हात आखडू लागला तो कधीपासून, हे या तारखांशी ताडून पाहावे.

राउंड का थांबले, हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. आधी विचारल्यास प्रत्येक जण मोबाइलचे नाव घेतो आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी शेवटचा राउंड आठवायला सांगितला, तर संध्याकाळचे क्लास, बारावीनंतर मुंबई-पुण्याला पांगलेली मित्रमंडळी, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी भरणारा भाट्ये आणि मांडवीचा परिसर, अशी त्या गावाची स्वतःची कारणे पुढे येऊ लागतात. माझ्या मते या नोंदींचे सर्वाधिक मोल इथेच आहे, कारण कोकणातली गावे बारावीनंतर तरुणांपासून रिकामी होतात ही गोष्ट या राउंडच्या हकिकतीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच इतरत्र दिसते.

परवान्याविना गाडी चालवल्याची कबुली हमखास मिळते, तेव्हा सांगणाऱ्याचे नाव बदलावे, जुन्या छायाचित्रांतले गाडीचे नंबर झाकावेत आणि ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी. काम झाल्यावर नकाशा, ध्वनिमुद्रण आणि संमतिपत्र यांची एक प्रत गावातल्या वाचनालयाकडे सोपवावी. रत्नागिरीत त्यासाठी १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे.