बेसबॉलच्या हिवाळी बाजाराची वही कशी मांडावी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेबरोबर संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मैदाने ओस पडतात. मात्र संघाचे पुढचे वर्ष कसे जाणार, हे बऱ्याच अंशी याच साडेतीन महिन्यांत ठरते. आयपीएलच्या लिलावावर पोसलेली आपली नजर या काळात थोडी फसते. तिथे ठरलेल्या दिवशी हातोडा पडतो आणि आकडा सगळ्यांसमोर येतो. हार्दिक पंड्या २०२३च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातहून मुंबईला परतला, तो केवळ रोख रकमेच्या बदल्यात. बेसबॉलमध्ये लिलाव नाही, नामवंत खेळाडू निव्वळ रोखीवर सहसा दिला जात नाही, आणि हातोड्याऐवजी महिनोन्‌महिने चालणाऱ्या वाटाघाटी असतात. म्हणून रोजच्या बातम्यांमागे धावण्यापेक्षा एक वही घालावी आणि प्रत्येक घडामोड तिच्यात नोंदवावी, असे मी सुचवेन. ती कशी घालायची, हे बोस्टन रेड सॉक्सच्या २०२४-२५च्या हिवाळ्यावरून पाहू.

वहीचे पहिले पान ४० नावांचे असते. मैदानावर उतरण्यासाठी संघाकडे २६ खेळाडू असतात, परंतु ज्यांच्यावर संघाचा पक्का हक्क राखलेला असतो अशांची यादी ४० जणांची असते, आणि हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या यादीतल्या जागेशी येऊन भिडतो. नवा माणूस आला की कोणाचे तरी नाव खोडावे लागते. प्रत्येक नावापुढे वय, पगार आणि तो खेळाडू कोणत्या वर्षाअखेर मोकळा होणार, एवढे तीन रकाने पुरेत. त्यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बेसबॉलमध्ये संघ खेळाडू विकत घेत नाही, त्याच्या सेवेची वर्षे विकत घेतो.

ही वर्षे मोजण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस काढले की सेवेचे एक वर्ष पूर्ण होते. पहिली तीन वर्षे खेळाडू साधारणपणे किमान वेतनावर, म्हणजे २०२५च्या हिशेबाने ७ लाख ६० हजार डॉलरवर किंवा त्याच्या थोडे वर खेळतो. पुढची तीन वर्षे पगाराचा वाद लवादापुढे नेण्याची मुभा त्याला असते, त्यामुळे पगार टप्प्याटप्प्याने वाढतो. आणि सहा वर्षे भरली की तो फ्री एजंट होऊन कोणत्याही संघाशी बोलू शकतो. या हिशेबात एका दिवसालाही किती किंमत असते, हे क्रिस ब्रायंटच्या उदाहरणावरून कळते. शिकागो कब्जने त्याला २०१५च्या हंगामात खालच्या पातळीवरच्या संघातून मेजर लीगमध्ये थोडे उशिरा बोलावले, त्याचे १७१ दिवस भरले, आणि त्या एका दिवसापायी त्याचे मोकळे होणे पूर्ण वर्षभर लांबले. त्याने दाद मागितली, पण निकाल त्याच्या विरोधात गेला. नियमात बसणारी ही चलाखी मला आजही खटकते. वही भरताना मात्र ती डोक्यात ठेवावीच लागते.

आता अदलाबदलीकडे वळू. २०२४मध्ये रेड सॉक्सने ८१ सामने जिंकले, ८१ हरले आणि सलग तिसऱ्या वर्षी ते बाद फेरीबाहेर राहिले. सामन्याची सुरुवात करणारा अव्वल पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, संघाकडे नव्हता. होतकरू फलंदाज मात्र गरजेपेक्षा जास्त होते. ११ डिसेंबर २०२४ रोजी, डॅलसमध्ये सर्व संघांची हिवाळी बैठक चालू असताना, त्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सकडून डावखुरा गॅरेट क्रोशे घेतला आणि बदल्यात काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मीड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेस असे चार होतकरू खेळाडू दिले. ही नोंद करताना 'एकास चार' असा हिशेब करू नये. दोन्ही बाजूंची वर्षे शेजारी शेजारी लिहावीत. क्रोशेची २०२५ आणि २०२६ अशी दोनच वर्षे बोस्टनला मिळत होती. चौघांपैकी कोणीही मेजर लीगमध्ये अजून एकही सामना खेळलेला नव्हता, म्हणजे शिकागोला प्रत्येकाची पूर्ण सहा वर्षे मिळत होती. नुकत्याच संपलेल्या हंगामात १२१ सामने हरलेल्या संघाला २०२५च्या अव्वल पिचरचा काय उपयोग? आणि बोस्टनला लांबच्या वर्षांपेक्षा जवळची दोन वर्षे मोलाची होती. क्रोशेचा २०२५चा पगार तर अवघा ३८ लाख डॉलर ठरला, म्हणजे तिजोरीला हात न लावता संघाला अव्वल पिचर मिळाला.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट पाहावी: गेलेल्या माणसाची जागा कोण भरणार. टील हा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा होता, पुढची काही वर्षे त्या जागेचा वारसदार मानला जाणारा. तो गेला त्याच दिवशी बोस्टनने न्यूयॉर्क यँकीजकडून कार्लोस नार्वाएस हा कॅचर घेतला. मोठ्या बातमीखाली ही छोटी बातमी बहुतेकांनी वाचलीही नसेल. २०२५मध्ये संघाचा मुख्य कॅचर मात्र नार्वाएसच ठरला. म्हणून मोठा सौदा झाला की त्या आठवड्यातल्या किरकोळ नोंदी दोनदा वाचाव्यात.

फ्री एजंटांसाठी वहीत वेगळे पान हवे, कारण इथे वर्षांबरोबर पैशाचेही गणित येते. वर्ल्ड सीरिजनंतर पाच दिवस उलटले की ते कोणत्याही संघाशी करार करू शकतात. जुना संघ आपल्या खेळाडूपुढे एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव ठेवू शकतो. लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीवरून ठरणारी ही रक्कम त्या हिवाळ्यात २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर होती. खेळाडूने प्रस्ताव नाकारून दुसरीकडे करार केला, तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, भरपाईची निवड मिळते आणि त्याला घेणाऱ्या संघाला निवड गमवावी लागते. बोस्टनचा पिचर निक पिवेटा याने प्रस्ताव नाकारला आणि तो साडेपाच कोटी डॉलरवर चार वर्षांसाठी सॅन डिएगोला गेला. उलट ह्यूस्टनचा प्रस्ताव नाकारलेला ॲलेक्स ब्रेगमन बोस्टनने घेतला, तेव्हा एक निवड बोस्टनच्या हातून गेली. एखादे नाव बाजारात एवढे रेंगाळले का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या अदृश्य किमतीत सापडते.

करारातला एकूण आकडा मथळ्यासाठी असतो. वहीत वार्षिक सरासरी लिहावी. संघाच्या पगारखर्चाने ठरावीक मर्यादा ओलांडली की लागणारा कर याच सरासरीवर मोजतात आणि त्याची २०२५ची मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती. काही पैसे कराराची वर्षे संपल्यावर देण्यासाठी पुढे ढकललेले असले तर सरासरीही खाली येते. शोहेइ ओहतानीचा दहा वर्षांचा, ७० कोटींचा करार दरसाल सात कोटींचा वाटतो. पण त्यातले ६ कोटी ८० लाख दरवर्षी पुढे ढकललेले असल्याने करासाठी तो सुमारे ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो. ब्रेगमनचा करार तीन वर्षांचा, १२ कोटींचा होता, त्यातही काही रक्कम पुढे ढकललेली होती, आणि पहिल्या तसेच दुसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडण्याचा हक्क त्याच्याकडे होता. असा हक्क असेल तर नोंद 'तीन वर्षे' अशी करू नये, 'एक, कदाचित तीन' अशी करावी. २०२५चा हंगाम संपताच त्याने तो हक्क वापरला.

ब्रेगमनच्या करारातून आणखी एक धडा मिळतो. तो तिसऱ्या बेसवर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या एका ठरलेल्या जागी खेळतो आणि ती जागा ३१ कोटी ३५ लाखांचा करार असलेल्या राफाएल डेव्हर्सची होती. डेव्हर्सला केवळ फलंदाजी करणाऱ्याची भूमिका घ्यावी लागली, कुरबूर वाढत गेली आणि १५ जून २०२५ रोजी संघाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले. फेब्रुवारीत सही झाली त्या दिवशीच वहीत तिसऱ्या बेससमोर दोन नावे आली होती. एका जागेसमोर दोन महागडी नावे दिसली की तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

होतकरू खेळाडूंच्या क्रमवारीचा अनेकांना मोह पडतो. मला तिच्यापेक्षा वय आणि पातळी यांची तुलना जास्त विश्वासार्ह वाटते. निरीक्षक प्रत्येक कौशल्याला २० ते ८० यांमध्ये गुण देतात आणि त्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, हे ठाऊक असावे. तरीही पहिला प्रश्न हाच असावा, की हा मुलगा आपल्यापेक्षा किती मोठ्या खेळाडूंविरुद्ध टिकतो आहे. मेजर लीगखालच्या संघांची बोस्टनची शिडी सेलम, ग्रीनव्हिल, पोर्टलंड आणि वुस्टर अशी चढत जाते. रोमन अँथनी २० वर्षांचा असताना २०२४मध्येच वुस्टरला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर पोहोचला होता. क्रोशेच्या सौद्यात कोणाला दिले यापेक्षा अँथनी, मार्सेलो मेयर आणि क्रिस्टियन कॅम्पबेल यांना दिले नाही, हे त्यामुळेच अधिक बोलके आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर याच मुलांपैकी काहींना ४० जणांच्या यादीत घ्यावे लागते. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्यांना पाच हंगामांत आणि त्याहून मोठ्यांना चार हंगामांत यादीत जागा मिळाली नाही, तर डिसेंबरमधल्या 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्यांना उचलू शकतो. अट एवढीच की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या यादीत ठेवावे लागते, नाहीतर निम्म्या किमतीत जुन्या संघाला परत देऊ करावे लागते. २०२०मध्ये यँकीजने पिचर गॅरेट व्हिटलॉकला या यादीत घेतले नाही आणि बोस्टनने त्याला असेच उचलले. पुढच्याच वर्षी त्याने ७३ इनिंगांहून अधिक पिचिंग करत दर नऊ इनिंगांमागे १.९६ धावा अशी सरासरी राखली.

बातमी वहीत पक्क्या शाईने केव्हा लिहावी? वैद्यकीय तपासणी पार पडून संघाने स्वतः जाहीर केल्यावरच. २०२२च्या डिसेंबरमध्ये कार्लोस कोरेयाचा सॅन फ्रान्सिस्कोशी ३५ कोटींचा आणि नंतर न्यूयॉर्क मेट्सशी साडेएकतीस कोटींचा करार 'ठरला' होता. दोन्ही संघांना त्याच्या जुन्या दुखापतीची शंका आली आणि अखेर जानेवारीत तो २० कोटींवर मिनेसोटाला परतला. ज्यांनी शाई वापरली, त्यांची दोन पाने खराब झाली असतील.

यातले नियम संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या ज्या सामूहिक करारातून येतात, तो १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, म्हणून मर्यादा आणि रकमा दरवर्षी तपासून घ्याव्यात. तसेच सौद्याचा निकाल लगेच लिहू नये, शेवटचा रकाना कोरा सोडावा. बोस्टनने क्रिस सेलला २०२३च्या अखेरीस वॉन ग्रिसमच्या बदल्यात अटलांटाला दिले, तेव्हा सततच्या दुखापतींनी जेरीस आलेला पिचर खपला असे अनेकांना वाटले, आणि २०२४मध्ये त्याच सेलने नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकावला. क्रोशेच्या ओळीत माझ्या वहीत मोकळे होण्याचे वर्ष २०२६ असे होते. एप्रिल २०२५मध्ये त्याने सहा वर्षांचा, १७ कोटींचा नवा करार केला, तेव्हा ते खोडून २०३१ लिहिले आणि शेजारी, २०३० नंतर बाहेर पडण्याचा हक्क आहे, अशी पेन्सिलीने नोंद केली.