घरासाठी भारी इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर कसा निवडावा

इंटिग्रेटेड ॲम्प म्हणजे इनपुट, आवाजाचा नॉब आणि स्पीकर चालवणारी ताकद, सगळं एकाच खोक्यात. 'किती वॉटचा हवा?' हा दुकानातला पहिला प्रश्न. उत्तराची घाई नको. स्पीकर अजून ठरले नसतील, तर ॲम्पमध्ये लाखभर रुपये घालायची वेळ आलेली नाही.

१. स्पीकरचा कागद वाचा. उदाहरणार्थ, केईएफ एलएस५० मेटा या स्पीकरवर ८५ डीबी (१ मीटरवर मिळणारा आवाज), ८ ओम असं दिसतं. शेजारी किमान इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) ३.५ ओम दिलेला असतो. महत्त्वाचा तो. ओम खाली गेले की तेवढ्याच व्होल्टला करंट जास्त लागतो आणि कमकुवत पॉवर सप्लायला धाप लागते. आणखी एक मेख: हे डीबी २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओमला तो १ वॉट, ४ ओमला २ वॉट. म्हणून ४ ओमच्या स्पीकरवर ८८ छापलं असेल, तर ८५च धरा.

२. आता वॉट. तुम्ही ३ मीटरवर बसता. ८५मधून अंतराचे साडेनऊ गेले, दोन स्पीकर आणि भिंती मिळून पाच-सहा परत आले: १ वॉटला साधारण ८१ डीबी. तबल्याची जोरकस थाप क्षणभर १००ला न्यायची, तर १९ डीबी कमी पडतात. पहिल्या दहा डीबीला वॉट दहापट लागतात, उरलेल्या नऊला आणखी आठपट, म्हणजे ८० वॉट. खुर्ची २ मीटरवर ओढलीत तर चाळीसच्या आत भागतं. खुर्ची सरकवायला पैसे पडत नाहीत!

३. ॲम्पचे ८ आणि ४ ओमचे वॉट शेजारी ठेवा. लक्समन एल-५९०एएक्स मार्क २ ३०वरून ६०वर जातो, यामाहा ए-एस३२०० १००वरून १५०वर. दुप्पट होणं हे दमदार सप्लायचं लक्षण. पण वरच्या हिशेबात ३० वॉट बसत नाहीत, हेही खरं. शिवाय लक्समन क्लास ए आहे, म्हणजे त्यातून करंट सतत वाहतो; गाणं थांबलं तरी तापतच राहतो. बंद टीव्ही युनिटमध्ये तो कोंबू नका. वर वीतभर जागा मोकळी हवी.

४. जोडण्या. आतला डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग) ॲम्पच्या आधी जुना होतो. तो वेगळा घेतलेला बरा. टर्नटेबल असेल तर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) पाहा. एमएम (हलत्या चुंबकाची) ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते, एमसी (हलत्या कॉइलची) बहुधा अर्धा मिलिव्होल्ट. एमसी एमएमच्या इनपुटला लावली की आवाज मरगळतो आणि नॉब वाढवला की नुसती सरसर.

५. दोन ॲम्प तुलनेला ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करा. जो अर्धा डीबी मोठा, तोच 'खुललेला' वाटतो. स्पीकर जोडलेलाच ठेवून ६० हर्ट्झचा टोन लावा आणि त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. एकावर १.०० व्होल्ट असेल, तर दुसरा ०.९९ ते १.०१मध्ये आणा. १ किलोहर्ट्झ नको, स्वस्त मीटर तिथे चुकतात. मग नॉब अगदी खाली नेऊन ऐका: गायक एका बाजूला सरकला, तर रात्री हळू ऐकताना रोज सरकेल.

६. मागची पाटी वाचा. जपानमधून परस्पर आणलेला सेट १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलात तर जळेल.

घरी आणल्यावर घुंई आली तर आधी कुठून येते ते बघा. ॲम्पच्या खोक्यातून येत असेल तर ट्रान्सफॉर्मर. स्पीकरमधून येत असेल तर इनपुटच्या केबल एकेक काढा. सेट-टॉप बॉक्सची काढल्यावर थांबली, तर दोष अर्थिंगच्या लूपचा (दोन वाटांनी अर्थिंग जुळल्याने फिरणाऱ्या करंटचा) आहे, ॲम्प परत करू नका.