उरणला काइटसर्फिंगची काइट (बोर्डवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग) उडवायच्या आधी वारा असा बघा
नेरुळहून निघताना अ‍ॅपवर वाऱ्याचा वेग १५ नॉट (ताशी साधारण २८ किमी) दिसला म्हणजे झालं असं नाही, आधी दिशा बघा. सकाळी मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे, पाणी मस्त सपाट दिसतं पण काइट पडली की थेट आत ओढले जाता, म्हणून तेव्हा उतरूच नका, प्लीज. मुठीतली कोरडी वाळू सोडून बघा, समुद्राकडे उडाली तर सामान परत गाडीत. दुपारी पश्चिमेचा खारा वारा स्थिर झाला की बरं. भरती-ओहोटीची वेळ बघाच. मेअखेरीस काळा ढग आला नि वारा अचानक पडला तर वाट बघू नका, काइट लगेच खाली घ्या, पुढचा झोत दुप्पट जोराचा असू शकतो. विंडसर्फवाल्यांनी (शीड लावलेल्या बोर्डवाल्यांनी) काहीही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही.