गणपतीच्या जास्वंदीची छाटणी आर्द्रात

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे गणपती 14 सप्टेंबरला आहेत. गेल्या वर्षी ते 27 ऑगस्टलाच आले होते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा धरून जास्वंद छाटू नका, नाहीतर पहिला जोरदार बहर सणाआधीच उरकेल.

जास्वंदीला कळी धरते ती नव्या फुटीवर. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दोन ते अडीच महिने जातात, ढगाळ हवेत थोडे जास्तच. म्हणून यंदा आर्द्रा नक्षत्र, 22 जून ते 5 जुलै, हा योग्य काळ. फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग काढा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) वर, तिरका आणि धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) घ्या. अंगठ्याएवढी जाड फांदी कापली असेल तर पावसाचे पाणी मुरून ती कुजते. तिथे बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावाच. आणि सगळे झाड एका दिवशी बोडके करू नका. निम्म्या फांद्या आर्द्राच्या सुरुवातीला, उरलेल्या दहा-बारा दिवसांनी छाटल्या की अनंत चतुर्दशीपर्यंत फूल हाताशी राहते. काढलेल्या काड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या याच पावसात लावा. लाल गावठी जास्वंद सहज मुळे धरते, आणि देवाला मागणीही तिलाच असते.

खत बेताने द्या. छाटणीनंतर दोन घमेली कुजलेले शेणखत पुरे. युरिया वाढला की नुसता पाला माजतो.

श्रावणात कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या की लोक आधी औषध शोधतात. त्याआधी बुंध्याशी हात घालून माती पाहा. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरलेली असतात, तिथे चर काढून पाणी बाहेर काढा. नवी लागवड वरंब्यावर करा. झाड सावलीत असले तरी फूल कमीच येणार.

पावसाने उघडीप दिली की शेंडे तपासा. आखडलेल्या पानांचा गुच्छ, देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. असे शेंडे कापून पिशवीत भरून नष्ट करा, बांधावर टाकू नका. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क. पुंजक्यात पांढऱ्या मेणाचे झुपके असलेली, पण ढेकणापेक्षा मोठी आणि भरभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती मित्रकिडीची, क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी आहे. ढेकूण हेच तिचे अन्न. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना कळकळीची विनंती: बागेच्या बांधावर जास्वंद नको. गुलाबी पिठ्या ढेकूण द्राक्षावरही जगतो, आणि जास्वंदीवर त्याला बारमाही आसरा मिळतो.

फुले विकायची असतील तर उमललेले फूल बाजारात नेऊ नका, संध्याकाळपर्यंत ते मिटते. आदल्या संध्याकाळी टोकाला रंग उतरलेल्या, फुगलेल्या कळ्या देठासह खुडा आणि ओलसर केळीच्या पानात सैल गुंडाळून गार जागी ठेवा. सकाळी त्या गिऱ्हाइकाच्या घरी उमलतात.