हिंदकळणारे इंधन आणि लघुउपग्रहाचा रोख

उपग्रहाचे नियंत्रण आखताना तो एकसंध, घट्ट वस्तू आहे असे सहसा धरले जाते. परंतु टाकी अर्धवट रिकामी झाली की आतले इंधन प्रत्येक वळणात आधी मागे राहते, मग उलट दिशेने भिंतीवर आदळते आणि कॅमेऱ्याचा रोख ढळवते. म्हणून नियंत्रकाचे, म्हणजे उपग्रहाचा रोख सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, गुणांक ठरवण्याआधी हेलकाव्याचा हिशेब करून घ्यावा.

50 किलोचा उपग्रह, हायड्राझिन या द्रव इंधनाची 10 सेंटिमीटर त्रिज्येची दंडगोल टाकी आणि 1 न्यूटनचा थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारे छोटे इंजिन) घेऊ. घनता, त्वरण आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराला पृष्ठताणाने भागले की बाँड अंक, म्हणजे त्वरणाचा परिणाम पृष्ठताणाच्या किती पट आहे ते, मिळतो. येथे तो सुमारे 3 भरतो, म्हणजे थ्रस्टरचा जोर आणि पृष्ठताण यांपैकी कोणालाच वगळता येत नाही. द्रव पुरेसा खोल आणि त्याचा पृष्ठभाग सपाट धरल्यास हेलकाव्याचा आवर्तकाल थ्रस्टर चालू असताना सुमारे 7 सेकंद, तर बंद असताना सुमारे 10 सेकंद येतो. प्रत्यक्षात हायड्राझिन टायटॅनियमच्या भिंतीवर चढते व पृष्ठभाग खोलगट होतो, तेव्हा हा पहिला अंदाजच समजावा.

10 सेकंदांचा आवर्तकाल म्हणजे 0.1 हर्ट्झची वारंवारिता; नियंत्रकाची बँडविड्थ, म्हणजे तो प्रतिसाद देतो त्या वारंवारितेची वरची मर्यादा, याच्या बरीच खाली ठेवावी. तेवढीच वारंवारिता गाळणारा नॉच फिल्टर लावण्याचा मोह होतो, पण इंधन खर्च होते तशी वारंवारिता सरकते. माझ्या मते फिल्टरवर भिस्त ठेवण्यापेक्षा टाकी वस्तुमानकेंद्राजवळ बसवणे आणि द्रवाला हलू न देणारा रबरी डायफ्रॅम (लवचीक पडदा) घालणे श्रेयस्कर. सिम्युलेशनमध्ये द्रवाचा हलता भाग लोलक म्हणून जोडावा आणि टाकीच्या वेगवेगळ्या भरणपातळ्यांवर स्थिरता तपासावी.

जमिनीवरच्या चाचणीत गुरुत्वाकर्षण सगळ्यावर मात करते. जर्मनीतील ब्रेमेनच्या पतन-मनोऱ्यात (जिथे उपकरण मुक्तपणे पडू देतात) कॅटपल्टने उपकरण आधी वर फेकूनही सुमारे 9.3 सेकंदच भारहीनता मिळते, म्हणजे आपल्या टाकीचा एक हेलकावाही पुरा होत नाही. याच अडचणीमुळे 2005 मध्ये पाण्याची टाकी असलेला स्लॉशसॅट-फ्लेवो हा छोटा उपग्रह थेट कक्षेत पाठवण्यात आला.

शेवटी वळणाची आज्ञा. अवमंदन गुणोत्तर (हेलकावा किती लवकर विरतो याचे माप) 1 टक्का असेल, तर 10 सेकंदांचा हेलकावा एक-दशांशावर यायला सुमारे सहा मिनिटे लागतात, आणि खालच्या कक्षेतला उपग्रह एका भूस्थानकावरून फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. त्यामुळे रिॲक्शन व्हीलला (स्वतः फिरून उपग्रहाला वळवणाऱ्या चाकाला) एकदम झटका न देता त्वरण हळूहळू चढवावे व उतरवावे, वळण आवर्तकालाच्या कित्येक पट लांबवावे आणि छायाचित्रणाच्या वेळापत्रकात द्रव शांत होण्याचा अवधी वेगळा राखून ठेवावा.