मायक्रोमीटरला न दिसलेला त्रिकोण

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात सेंटरलेस ग्राइंडिंगचे, म्हणजे जॉब (घासायचा तुकडा) केंद्रांत न पकडता दोन व्हीलांमध्ये घासण्याचे, नियोजन माझ्याकडे आले, तेव्हा सरळ पिन थ्रू-फीडने (व्हीलांमधून आरपार सरकवत) आणि डोके किंवा पायरी असलेला जॉब इन-फीडने (आरपार न नेता जागेवरच) घ्यायचा, हे मला पाठ होते. तुम्हालाही ते ठाऊक असेल. मी फसले ती जॉब ज्यावर टेकतो त्या ब्लेडच्या उंचीपाशी.

जॉब होता 12 मिमी व्यासाची, हार्डनिंग झालेली पिन. आधीच्या जॉबसाठी लावलेली वर्क रेस्ट ब्लेड मी तशीच ठेवली; त्यामुळे पिनचे केंद्र दोन्ही व्हीलांच्या केंद्ररेषेच्या जेमतेम 2 मिमी वर राहिले. मायक्रोमीटर कुठूनही लावला तरी व्यासातला फरक 2 मायक्रॉनच्या आत होता. आठवड्याने सगळा माल परत आला, कारण पिन बुशमध्ये, म्हणजे ती जिच्यात बसते त्या नळीत, शिरत नव्हती.

असे का झाले, हे नीट समजून घ्या. जॉबवरचा उंचवटा रेग्युलेटिंग व्हीलला (जॉब फिरवणाऱ्या व्हीलला) टेकला की जॉब ग्राइंडिंग व्हीलकडे ढकलला जातो आणि तिकडे खळगा पडतो. केंद्र रेषेलगत असेल, तर उंचवटा आणि खळगा जवळजवळ समोरासमोर येतात. व्यास सगळीकडे सारखाच भरतो, पण पिन हळूहळू त्रिकोणी होते. मायक्रोमीटर दोन समोरासमोरच्या बिंदूंतच मोजतो, म्हणून त्याला हा दोष दिसत नाही. तीच पिन 60 अंशांच्या व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) डायल गेजखाली फिरवली, तेव्हा सुई 24 मायक्रॉन हलली. तीन कोपऱ्यांच्या जॉबला या ब्लॉकवर सुई तिपटीने हलते, म्हणजे गोलाईतली चूक 8 मायक्रॉनची होती.

केंद्र रेषेच्या वर साधारण अर्ध्या व्यासाइतके ठेवावे, मात्र 12 मिमीच्या फार पुढे नेऊ नये, असा ढोबळ नियम आहे. माझ्या पिनला 6 मिमी हवे होते. याहून फार वर गेलात, तर जॉब उडू लागतो आणि पृष्ठभागावर चॅटर, म्हणजे थरथरीचे व्रण, उमटते. 'डोळ्याने लाव, हाताला आपोआप कळते' असे सांगणाऱ्या उस्तादांचा मला मनापासून आदर आहे, पण त्यांचा हात वीस वर्षांचा असतो आणि आपला वीस दिवसांचा, म्हणून हाइट गेजच वापरा. घाबरण्यासारखे यात काही नाही; ब्लेडखालच्या पट्ट्या बदलायला अर्धा तास पुरतो.

वेगाचे गणित त्यामानाने सोपे आहे. रेग्युलेटिंग व्हील 300 मिमीचे, फेरे मिनिटाला 30 आणि कल 3 अंश असेल, तर जॉब मिनिटाला सुमारे 1480 मिमी सरकतो. घसरणीमुळे प्रत्यक्षात थोडे कमीच धरावे. 0.25 मिमी काढायचे असेल, तर एकाच पासचा मोह टाळावा. मी 0.15, 0.08 आणि 0.02 असे तीन पास लावते.

सेटिंग शीटवर आता ब्लेडच्या उंचीचा वेगळा रकाना आहे, आणि पहिल्या पाच पिना व्ही-ब्लॉकवर फिरल्याशिवाय मी त्या शीटवर सही करत नाही.