चार्ट काढूनही गोंधळ संपत नाही? या चुका टाळा

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळचे काही केळी उत्पादक मिळून निर्यातीसाठी पॅकहाऊस, म्हणजे माल धुऊन-निवडून पॅक करायची शेड, उभारताहेत. जागा, कर्ज, वीजजोडणी, प्री-कूलिंग (माल पाठवण्याआधी गार करणं), कापणीच्या टोळ्या, कंटेनर, सगळं एकाच मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावलं जातं. पंधरा दिवसांनी तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कारण बहुतेकदा एकच असतं: चित्राला प्रश्नच दिलेला नसतो. ‘माल बागेतून कंटेनरपर्यंत कसा जातो?’ हे एक चित्र. ‘कोणतं काम अडलं की सगळंच लांबतं?’ हे दुसरं. पैशाचं तिसरं. प्रश्न कागदाच्या वरच लिहा. त्याचं उत्तर न देणारी चौकट खोडा.

बाणांचंही तसंच. एकच बाण कधी माल दाखवतो, कधी बिल, कधी नुसता फोन. बाणावर क्रियापद लिहा. रंगांवर विसंबू नका, झेरॉक्स काळीपांढरीच निघते.

सगळ्यात महाग पडते ती ‘नाही’ची वाट न काढण्याची चूक. फणी निर्यातीच्या प्रतीची नाही, मग ती कुठे जाणार? कंटेनर आला नाही, मग? केळी साधारण 13-14 अंशांवर ठेवतात. त्याखाली गेली की साल काळवंडते. म्हणजे ‘अजून गार करून ठेवू’ ही पळवाट नाही, कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा. प्रत्येक माणसाला कागदावर एक आडवा पट्टा द्या आणि त्याचं काम त्याच्याच पट्ट्यात दाखवा. निर्णयाची चौकट कुणाच्याच पट्ट्यात बसत नसेल, तर भांडण तिथेच होणार.

वेळापत्रकासाठी गँट चार्ट, म्हणजे प्रत्येक कामाचा कालावधी आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता, सगळ्यांना आवडतो, पण त्याच्या साध्या पट्ट्यांवरून कोणतं काम कशावर अडून आहे ते कळत नाही. अवलंबून असलेली कामं रेषेने जोडा. शेडला 8 आठवडे, त्यानंतर यंत्रणा बसवायला 3, त्याच वेळी सुरू केलेल्या वीजजोडणीला 14, दोन्ही झाल्यावर चाचणीचा 1. एकूण 15. शेडवाल्याला जादा पैसे देऊन दोन आठवडे वाचवले तरी 15च. धावपळ करायचीच तर विजेच्या अर्जामागे करा. हाच हिशेब ‘क्रिटिकल पाथ’ नावाने डुपाँट कंपनीत 1957च्या सुमारास पद्धतशीर मांडला गेला.

चित्र पक्कं करण्याआधी टोळीच्या मुकादमाला दाखवा. फण्या सोडवल्यावर चीक धुवायचा हौद चित्रात राहिला असेल, तर तो पहिल्या मिनिटात विचारेल. इंजिनिअरला ते सुचेलच असं नाही.

कोपऱ्यात तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव हवंच. जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर तो आधी काढायला लावा, नाहीतर गवंडी त्यावरूनच पाया खोदेल.